रथसप्तमीचा रविवार, कुलाबा किल्ला आणि भांगाचे पाणी

मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोग्या समुद्रकाठच्या सहलींमध्ये अलिबागची सहल सर्वांत सोपी समजली जाते. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत बोटीने सुमारे तासभर, तिथून अलिबागपर्यंत वीस किलोमीटर बसने, आणि पुढे अलिबागच्या पुळणीवरून समोर दिसणारा कुलाबा किल्ला. रस्त्याने पेण-वडखळमार्गे जायचे तर हेच अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. बारा-तेरा जणांचे छोटे गट घेऊन मी अशा सहली काढते. प्रस्तुत प्रकरण त्यांपैकी एका सहलीचे आहे. त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही, सर्व जण ठरल्या बोटीने घरी पोहोचले. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले, कारण त्यात झालेली चूक माझी होती, ती सहलीच्या तीन आठवडे आधीच होऊन गेली होती, आणि समुद्रावर गट नेणाऱ्या कोणाकडूनही ती सहज होऊ शकते.

गटात अकरा जण होते. एका कुटुंबातील आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. एकाच कार्यालयात काम करणाऱ्या तीन मैत्रिणी. आणि छायाचित्रणाची आवड असलेले दोन तरुण. माझ्या मदतीला महाविद्यालयात शिकणारा एक सहायक होता. आजींचे वय अडुसष्ट होते आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. नाव नोंदवताना त्यांनी हे स्वतःहून सांगितले होते आणि किल्ल्यातल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे आहे, हेही सांगितले होते.

प्रथम या सहलीसाठी माघी पौर्णिमेचा रविवार सुचवण्यात आला होता. तो मी नाकारला, आणि नाकारताना मला आपण फार काळजीपूर्वक नियोजन करतो आहोत असे वाटले. कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून थोडा आत समुद्रात आहे. ओहोटीला पुळणीवरून चालत किंवा टांग्याने तिथे जाता येते आणि भरतीला तो चारी बाजूंनी पाण्याने वेढला जातो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; म्हणजे मुंबईहून आलेला गट पुळणीवर उभा राहतो नेमक्या त्याच वेळी समुद्र काठोकाठ भरलेला असतो. अमावास्येलाही तेच. हा हिशेब ढोबळ आहे, घड्याळाशी त्याचा पाऊण तासापर्यंत फरक पडू शकतो, पण दिवस निवडायला तो पुरतो. सप्तमीला सातची पाऊणपट सव्वापाच. तिथून सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेअकराच्या सुमारास, ओहोटीचा तळ. पौर्णिमेच्या आधीच्याच रविवारी रथसप्तमी होती. मी छापील भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला, त्यातील वेळही साडेअकराच्या आगेमागेच निघाली, आणि रथसप्तमीचा रविवार पक्का केला. त्या तक्त्यात वेळेच्या शेजारी आणखी एक रकाना असतो, पाण्याच्या उंचीचा. तो मी पाहिला नाही.

सकाळची सुरुवातच उशिरा झाली. त्या वर्षी रथसप्तमी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी आली होती. रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी असल्याने गेटवेवर बोटीच्या रांगा नेहमीपेक्षा कितीतरी लांब होत्या आणि तपासणीही कडक होती. आम्ही ठरवलेली बोट हुकली आणि पुढच्या बोटीत जागा मिळेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. प्रवास मात्र छान झाला; हिवाळ्यात बोटीमागे उडत येणाऱ्या कुरव पक्ष्यांनी नातवाला तासभर खिळवून ठेवले. मांडव्याला बसही वाट पाहायला लावणारी ठरली. सव्वादहाला पुळणीवर पोहोचायचे ठरले होते, ते पोहोचलो अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी. बसमध्ये मी मनाशी हिशेब करत होते की आपण ओहोटीच्या तळालाच पोहोचतो आहोत, त्यामुळे जाण्याची अडचण नाही. फक्त परतण्यासाठीचा वेळ कमी झाला आहे.

पुळणीवर पोहोचल्यावर दिसले ते वेगळेच. किल्ल्याच्या बाजूची खडपे उघडी पडली होती, आपल्या बाजूची वाळू ओली आणि घट्ट होती, पण मधल्या सखल पट्ट्यात पाणी तसेच होते आणि त्यातून चाललेल्या टांग्याची निम्मी चाके बुडालेली दिसत होती. ओहोटी अजून पुरी झाली नसेल असे समजून मी काठावरच्या एका वयस्क टांगेवाल्याला विचारले की पाणी हटायला किती वेळ लागेल. त्यांनी पाण्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "ताई, आज भांग हाय. हटायचं तेवढं हटलंय. आता वर चढंल."

भांग हा शब्द मला माहीत होता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा पाणी थोडेच चढते आणि थोडेच उतरते, तो भांग. हे शाळेत शिकलेले असते, पण वेळ ठरवताना ते बाजूला राहते. मुंबईच्या अपोलो बंदरासाठी दिल्या जाणाऱ्या सरासरी आकड्यांवरून फरकाची कल्पना येईल. सागरी नकाशाच्या आधारपातळीपासून, म्हणजे तक्त्यातील उंची जिथून मोजतात त्या शून्य पातळीपासून, मोजले तर उधाणाच्या ओहोटीचे पाणी 0.76 मीटरपर्यंत खाली जाते; भांगाच्या ओहोटीचे पाणी 1.86 मीटरवरच थांबते. म्हणजे दोन्ही दिवशी तक्त्यात 'ओहोटी' असेच लिहिलेले असले, तरी भांगाच्या दिवशी त्याच जागी 1.1 मीटर अधिक पाणी असते. मोठ्या माणसाच्या कमरेइतके. अलिबाग तिथून फार दूर नाही. चित्र साधारण तेच राहते.

यातली खरी अडचण नंतर कागदावर मांडल्यावर माझ्या लक्षात आली, आणि मुंबईहून अलिबागला जाणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. या किनाऱ्यावर पाणी सर्वांत जास्त हटते ते पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पण त्या दिवशी ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. शहरातून आलेल्या माणसाच्या हाती असलेल्या दुपारी तिथे पूर्ण भरती असते. दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी येते ती अष्टमीच्या आसपास, आणि तेव्हा नेमका भांग असतो. शहरवासीयाच्या सोयीची वेळ आणि समुद्राचा पुरता हटण्याचा दिवस एकत्र येत नाहीत, आणि हे कुणाच्या नियोजनाने बदलणारे नाही. मी पौर्णिमा टाळली ती बरोबरच होती, पण टाळून जिथे गेले तिथे दुसरी अडचण उभी होती.

पुळणीवर निर्णयासाठी फार वेळ नव्हता. चालत जाणे सोडून द्यावे लागले: पाणी गुडघ्याच्या वर होते, आणि खडपावर शेवाळ असल्याने पाय सटकण्याची भीती होती. टांगे मिळत होते. त्याच टांगेवाल्यांनी सांगितले की दीडच्या आत परत या, त्यानंतर घोड्याला जड जाईल आणि मग होडीच बघावी लागेल. मी गटाला एकत्र बसवून सगळी परिस्थिती सांगितली. टांग्यात चढायचे म्हणजे उंच पायरीवर पाय ठेवून स्वतःला वर ओढायचे, पाण्यात चाक दगडावर चढले की गाडी एका अंगाला कलते, आणि किल्ल्याकडे उतरताना ओल्या दगडांवर पाय ठेवावा लागतो. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आपण जाणार नसल्याचे सांगितले. सूनबाई त्यांच्याबरोबर थांबल्या. निवृत्त गृहस्थांना पाण्याची भीती होती. तेही थांबले, त्यांच्या पत्नी मात्र निघाल्या. उरलेल्या आठ जणांना घेऊन मी दोन टांग्यांतून किल्ल्याकडे गेले. टांग्याचे भाडे सहलीच्या खर्चातून दिले, कारण चालत जाण्याचे आश्वासन मी दिले होते.

मागे राहिलेल्या तिघांसाठी माझ्याकडे तयार कार्यक्रम नव्हता, आणि ही माझी दुसरी चूक. सहायकाने आपल्या समजुतीने त्यांना रिक्षाने कान्होजी आंग्रे यांच्या समाधीपाशी नेले आणि परतताना किनाऱ्यालगतच्या भूचुंबकीय वेधशाळेचे बाहेरून दर्शन घडवले. रविवार असल्याने आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ही वेधशाळा मुळात मुंबईच्या कुलाब्याला होती. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहामुळे चुंबकसुईच्या नोंदी बिघडणार हे लक्षात आल्यावर 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा अंश नको म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला गेला. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली. एका कुलाब्याचे काम दुसऱ्या कुलाब्यासमोर आले, ही गोष्ट त्या निवृत्त गृहस्थांना इतकी आवडली की संध्याकाळी बोटीत ते तीच सर्वांना सांगत होते. हा भाग मी आधीच नीट आखून ठेवला असता, तर आजींनाही मागे राहिल्याची भावना कदाचित इतकी टोचली नसती.

किल्ल्यात आम्ही बारा वाजून पाच मिनिटांनी शिरलो. हाताशी तासभरच होता, त्यामुळे मी तट, मंदिर आणि उत्तरेकडच्या तोफा एवढेच ठरवले. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजींच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले, आणि 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून केलेला हल्ला इथे फसला. पण माझ्या दृष्टीने या किल्ल्यात थांबून पाहण्यासारखी गोष्ट तटाची बांधणी ही आहे. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. सांधे मोकळे असल्यामुळे आदळलेल्या लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते त्याच वाटेने बाहेर वाहून जाते. चुन्याने बुजवलेल्या भिंतीला तोच मार सबंध अंगावर घ्यावा लागला असता. नातवाने एका फटीत कोपरापर्यंत हात घातला. आतला दगड गार आणि ओलसर होता, आणि हात बाहेर काढला तेव्हा बोटांना वाळू लागलेली होती. खालच्या थरांवर कालवांच्या पांढऱ्या कडा चिकटलेल्या दिसत होत्या. भरतीचे पाणी रोज कुठपर्यंत चढते याची ती खूणच. मी त्याला ती रेघ दाखवली आणि विचारले, की आता पाणी इथे यायला किती वेळ लागेल. त्याने आधी स्वतःच्या उंचीशी ती रेघ ताडून पाहिली आणि मग घाईने वडिलांचा हात धरला.

मंदिरातली गणेश पंचायतनाची मूर्ती आणि जवळची गोड्या पाण्याची पुष्करणी पाहून आम्ही पांगलो. एक वाजता महादरवाजाशी जमायचे असे मी सांगितले होते. सहा जण वेळेवर आले. दोघे छायाचित्रकार उत्तर तटावर, चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफांपाशी होते आणि ते आले एक वाजून पंचवीस मिनिटांनी. त्यांना दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. मी त्यांना वेळ सांगितली होती, वेळेमागचे कारण सांगितले नव्हते. पुळणीवर परिस्थिती समजावताना माझे सगळे लक्ष टांग्यात चढण्याच्या धोक्याकडे होते, परतीच्या पाण्याकडे नव्हते. 'एक वाजता या' हे वाक्य माणूस बसच्या वेळेसारखे ऐकतो; पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे चालतील असे धरून चालतो. नातवाला दाखवलेली कालवांची रेघ त्या दोघांना दाखवली असती तर ते पावणेएकलाच दरवाजाशी उभे राहिले असते.

भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक सहा तासांच्या चढीचे बारा भाग करतात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. साडेअकरापासून मोजले तर दीड वाजेपर्यंत तीन भाग झाले. भांगाच्या दिवशी एकूण चढ सरासरी 1.44 मीटर धरली तर तीन भाग म्हणजे 36 सेंटीमीटर, फुटाहून थोडे अधिक. आणि आम्ही निघालो ते नेमके वेग वाढण्याच्या तोंडावर. जाताना टांग्याच्या आसापर्यंत असलेले पाणी येताना घोड्याच्या पोटाला लागत होते. एका ठिकाणी घोडा थांबला, टांगेवाले खाली उतरले, कमरेइतक्या पाण्यात त्यांनी लगाम हाताने धरला आणि त्याच्याशी बोलत बोलत त्याला पुढे आणले. ते अंतर शंभर पावलांचेही नसेल. गाडीत कोणी बोलत नव्हते. मुलाचे वडील दोन्ही हातांनी त्याला कवळून बसले होते आणि मी काठावर उभ्या असलेल्या आजींकडे पाहत होते, कारण त्या आमच्याकडेच पाहत होत्या.

काठावर आल्यावर आजी नातवाला घेऊन बाजूला गेल्या. जेवण उशिरा आणि घाईत झाले, मांडव्याची संध्याकाळची बोट मात्र वेळेवर मिळाली. बोटीत आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता, पण जे बोलल्या ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "पाणी पूर्ण जाणार नाही हे मला आधी सांगितलं असतंस तर मी आज आलेच नसते, दुसऱ्या दिवशी आले असते. मला कुठं कामाला जायचंय?" मी त्यांचा गुडघा लक्षात घेऊन चपला कोणत्या घालाव्यात, पाण्याची बाटली किती मोठी घ्यावी, औषधे कुठे ठेवावीत, सगळे कळवले होते. त्यांच्या निर्णयासाठी लागणारी एकच माहिती दिली नव्हती, आणि ती माझ्याच हातातल्या तक्त्यात छापलेली होती.

सहलीनंतर मी वर्षभराचा तक्ता पंचांगाशेजारी ठेवून बसले. किल्ल्यात पायी किंवा कोरड्या वाळूवरून जायचे असेल तर दोन प्रकारचे दिवस हाती लागतात. पहिला प्रकार तृतीया ते पंचमी, दोन्ही पक्षांत. उधाण उतरू लागलेले असले तरी पाणी अजून चांगले हटते, आणि ओहोटीचा तळ सकाळी साधारण साडेआठ ते दहा-साडेदहाच्या दरम्यान येतो. गेटवेवरून सकाळची पहिली बोट धरली तरच हे जमते, आणि गटाला त्यासाठी पहाटे घर सोडावे लागते. चतुर्थीला दर्शनाला येणाऱ्यांमुळे टांगे लवकर भरतात असे टांगेवाल्यांनी सांगितले, म्हणून मी पंचमीला पहिली पसंती देते. दुसरा प्रकार द्वादशी-त्रयोदशीचा. तेव्हा ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमारास येते, जेवून किल्ल्याकडे जाता येते, पण परतीच्या बोटीसाठी मोकळा वेळ फारच थोडा उरतो. लहान मुले किंवा वृद्ध असलेल्या गटाला मी हा पर्याय देत नाही. हे दिवस महिन्यात मोजकेच, आणि त्यांतले शनिवार-रविवारी येतात ते निव्वळ योगायोगाने. म्हणून 'दर रविवारी कुलाबा किल्ला' अशी जाहिरात मी काढून टाकली. जो गटप्रमुख असे वचन देतो तो समुद्राच्या वतीने वचन देत असतो, आणि तो अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. रविवारच्या सहली चालूच आहेत. त्यांच्या माहितीत आता किल्ला पायी होईल, टांग्याने होईल, की होणारच नाही, हे पैसे घेण्याआधी लिहिलेले असते. सोबत त्या दिवसाची तिथी, ओहोटीची वेळ आणि पाण्याची उंची हे तिन्ही असते. किल्ल्याच्या दारातून निघण्याची वेळ देताना त्या वेळी मधल्या पट्ट्यात पाणी कुठवर असेल तेही मी सांगते.

माघ वद्य पंचमी शुक्रवारी येत होती. रथसप्तमीच्या सहलीनंतर तीनच दिवसांनी मी आजींना फोन करून ते कळवले. त्यांनी पलीकडून आपल्या शेजारच्या दोघींना विचारले, आणि शुक्रवारी पहिल्या बोटीने आम्ही सहा जणी निघालो. साडेनऊला टांगा मधल्या पट्ट्यातून गेला तेव्हा चाकांमागे ओल्या वाळूत दोन रेघा उमटत होत्या. आजींनी टांग्यातून वाकून त्या पाहिल्या. तेच वयस्क टांगेवाले होते. किल्ल्यापाशी त्यांनी उलटी ठेवलेली लाकडी पेटी पायरीखाली सरकवली, आजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या उतरल्या.